सल्ला: चर्चच्या आवारात टॉवर येतोय, हिअरिंगला काय बोलायचं?

पत्र

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये राहतो. आमच्या मागच्या कुंपणाला लागून एका चर्चची मोठी मोकळी जागा आहे. गेल्या आठवड्यात सर्टिफाइड पोस्टाने नोटीस आली. त्या जागेत १३० फुटी मोनोपोल (एकाच खांबाचा) मोबाइल टॉवर उभारायला एका कंपनीने झोनिंग बोर्डाकडे, म्हणजे जमीनवापराचे नियम बघणाऱ्या गावाच्या मंडळाकडे, व्हेरिअन्स (नियमातून सवलत) मागितला आहे आणि लवकरच हिअरिंग आहे. नकाशावरून टॉवर आमच्या कुंपणापासून ९५ फुटांवर येतो असं दिसतं. शेजाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झालाय, त्यावर दिवसरात्र रेडिएशनचे व्हिडिओ येतात. 'आमच्या मुलांना किरणोत्सर्गापासून वाचवा' असं लिहून सह्या गोळा करणं चालू आहे. मुलगी आठ वर्षांची आहे आणि सासू-सासरे वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात, त्यामुळे मलाही झोप नाही. नवरा म्हणतो, "कंपनीपुढे कोणाचं काही चालत नाही. शिवाय आपल्या घरात फोनला रेंज नसते, ती तरी येईल." (खरंच नसते.) बोर्डावरचे एक गृहस्थ त्याच्या क्रिकेटच्या ग्रुपमधले आहेत. त्यांच्या कानावर घालावं का? घराची किंमत पडेल का? हे थांबवता येईल का?

ता. क. माझ्या नणंदेच्या टाउनहाउसच्या असोसिएशनने तिला पॅटिओतली डिश अँटेना काढायला सांगितलंय. तेही नियमात बसतं का?

— कुंपणाअलीकडची

उत्तर

ताई, नमस्कार.

सह्या गोळा झाल्या असतील तर असू देत, पण तो कागद बोर्डापुढे नेऊ नका. हे वाचून तुमचा सगळा ग्रुप माझ्यावर उखडेल. तरी आधी कारण ऐका.

१९९६ च्या फेडरल दूरसंचार कायद्याने टॉवर कुठे उभा राहावा हे ठरवायचा गावाचा अधिकार काढून घेतलेला नाही. उलट तो शाबूत आहे असं कायद्यातच लिहिलंय. मात्र त्या अधिकाराला काही कुंपणं घातली आहेत, आणि त्यातलं सर्वांत भक्कम कुंपण नेमकं तुमच्या मुद्द्याभोवती आहे. टॉवरवरची यंत्रं एफसीसीने (फेडरल दूरसंचार आयोगाने) ठरवलेल्या मर्यादेत राहत असतील, तर रेडिओलहरींच्या परिणामांचं कारण देऊन कुठल्याही टाउनशिपला टॉवर नाकारता येत नाही. कायद्यात शब्द 'पर्यावरणीय परिणाम' असा आहे, पण न्यायालयांनी त्यात आरोग्यही धरलंय. म्हणजे बोर्डाचे सगळे सभासद मनातून तुमच्या बाजूचे असले, तरी मुलांच्या तब्येतीसाठी म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला की कंपनी ३० दिवसांच्या आत फेडरल कोर्टात जाणार. असे खटले लवकर निकाली काढावेत असंही त्याच कायद्यात आहे, आणि हरलेल्या गावाला बहुतेक वेळा थेट परवानगी देण्याचा आदेश मिळतो. मग गावाच्या पदरात वकिलाचं बिल आणि तुमच्या मागे टॉवर.

त्याहून वाईट म्हणजे, हिअरिंगच्या नोंदीत पानोपानी रेडिएशनच असेल आणि बोर्डाने शेवटी 'दिसायला वाईट' असं कारण लिहिलं, तर कंपनीचा वकील कोर्टाला सांगणार की खरं कारण ते नव्हतंच, वरचा मुलामा आहे. तुमच्याच शेजाऱ्यांची कळकळीची भाषणं तो पुरावा म्हणून वाचून दाखवेल. असे वकील मी हिअरिंगमध्ये पाहिले आहेत. लोक रेडिएशनवर बोलू लागले की ते हरकत घेत नाहीत, शांत बसून राहतात.

काळजी करू नका असं सांगायचा मला अधिकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २बी गटात टाकलं, हे खरं आहे. एफसीसीच्या मर्यादा १९९६ च्या आहेत, आणि त्या तशाच ठेवण्यामागची कारणं एफसीसीने नीट दिली नाहीत, असं म्हणून वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये तो विषय एफसीसीकडे परत पाठवला, हेही खरं. पण त्या निकालाने मर्यादा रद्द झाल्या नाहीत. दुसऱ्या बाजूने हेही लक्षात घ्या की हे अँटेना मुख्यतः क्षितिजाच्या दिशेने लहरी सोडतात आणि अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौपटीने घटते. त्यामुळे शंभर-सव्वाशे फूट उंचीवरच्या अँटेनांमुळे जमिनीवर मिळणारी पातळी सहसा मर्यादेच्या फार खाली असते. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सींसाठी लोकांकरता ठरवलेली सर्वांत सैल मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट आहे. कंपनीचा तज्ज्ञ आकडेमोड करून आणतो तेव्हा त्याला हा आकडा विचारा, त्यांचा टॉवर त्याच्या किती टक्के येतो ते विचारा, आणि उत्तर नोंदीत जाऊ द्या. टॉवर सुरू झाल्यावर मर्यादा पाळली जात असल्याचा अहवाल द्यावा, अशी अट बोर्डाकडे मागता येते. एवढ्यावर हा विषय थांबवा. यापुढची लढाई टाउन हॉलमध्ये लढता येत नाही.

आता जे लढता येतं ते.

तुमच्या नोटिशीत व्हेरिअन्स हा शब्द आहे, म्हणजे बहुधा त्या झोनमध्ये टॉवरला मुळात परवानगी नाही. वापरच मान्य नसताना सवलत मागायची असेल, तर न्यू जर्सीत साधं बहुमत पुरत नाही. सात जणांच्या बोर्डात पाच होकार लागतात. याचा अर्थ कंपनीला पाच जण पटवायचे आहेत, आणि तिघांना पटलं नाही की अर्ज पडला. तुमच्या नवऱ्याला हे जरूर सांगा. मात्र नकार लेखी द्यावा लागतो आणि त्याला नोंदीतल्या ठोस पुराव्याचा आधार लागतो. २०१५ साली जॉर्जियातल्या रॉसवेल शहराचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. अर्ज झाडासारख्या दिसणाऱ्या १०८ फुटी टॉवरचा होता. शहराने नकाराचं पत्र पाठवलं, पण कारणं समजायला कंपनीला सभेच्या इतिवृत्तासाठी जवळजवळ महिनाभर थांबावं लागलं. कारणं इतिवृत्तात असली तरी चालतील, पण ती नकाराबरोबरच मिळायला हवीत, असं न्यायालयाने ठरवलं. एक शहर असं उशिरामुळे हरलं. तुमच्या बोर्डाच्या वकिलाला हे ठाऊक असेलच, तरी त्याच्या हातात लिहिण्याजोगी कारणं देणं तुमच्या हातात आहे.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये फेअर लॉन बरोच्या एका मोनोपोलच्या प्रकरणात जे म्हटलं, त्यावर आजही इथल्या टॉवरच्या हिअरिंग चालतात. कंपनीकडे एफसीसीचा परवाना असला की टॉवर लोकहिताचा आहे हे साधारणपणे मान्य होतं. म्हणजे 'टॉवर हवा कशाला?' हा प्रश्न जवळपास संपतो. पण ही जागा त्यासाठी खास योग्य आहे हे कंपनीला दाखवावंच लागतं, आणि फायदा-तोट्याचं पारडं तोलताना अटी घालून तोटा कमी करता येतो का हे बोर्डाने बघायचं असतं. तेव्हा तुमचं बोलणं इथून सुरू झालं पाहिजे: हीच जागा का, एवढीच उंची का, आणि आवाराच्या याच कोपऱ्यात का.

पहिलं काम उद्याच करा. अर्जाचे नकाशे आणि कागद हिअरिंगच्या किमान १० दिवस आधी टाउन हॉलमध्ये लोकांना बघायला ठेवावे लागतात. जाऊन पूर्ण फाइल बघा आणि प्रती मागा. त्यात कव्हरेजचे नकाशे असतील: आत्ता रेंज कुठे आहे आणि टॉवर आल्यावर कुठे येईल. रंग बघून दबून जाऊ नका. कुठल्या पातळीला 'रेंज नाही' म्हटलंय ते बघा. घराच्या आत, गाडीत आणि उघड्यावर, अशा तीन वेगळ्या पातळ्या असतात, आणि नकाशातली पोकळी कोणती पातळी धरली त्यावर फुगते किंवा आकसते. नकाशे संगणकाने काढलेले आहेत की रस्त्यावर गाडी फिरवून प्रत्यक्ष मोजलेले, हेही विचारा. न्यू जर्सी ज्या तिसऱ्या फेडरल सर्किटमध्ये (अपील कोर्टाच्या विभागात) येतं, तिथल्या कोर्टांनी सेवेत खरी पोकळी आहे आणि ती भरायचा हाच सर्वांत कमी उपद्रवाचा मार्ग आहे, अशी कसोटी लावलेली आहे. एफसीसीने २०१८ मध्ये ही कसोटी कंपन्यांच्या सोयीने सैल केली, त्यामुळे त्यावरच सगळी भिस्त ठेवू नका. पण पर्यायी जागांचा प्रश्न कुठल्याही कसोटीत उरतोच.

माझ्या मते तिथेच तुमची ताकद आहे. बोर्डाचे लोक त्याच गावात राहतात, पण कंपनीचा माणूस गाव नकाशावर बघतो. टाउनशिपची पाण्याची टाकी कुठे आहे, विजेचे उंच मनोरे कुठून जातात, हायवेलगतची गोदामं, अग्निशमन केंद्र, आधीपासून उभा असलेला दुसऱ्या कंपनीचा टॉवर, हे सगळं तुम्ही गाडीने फिरून लिहून काढू शकता. मग प्रत्येक जागेबद्दल एकच प्रश्न: इथे विचारणा केली होती का, कोणाला, केव्हा, आणि लेखी उत्तर काय आलं? 'ती जागा योग्य नव्हती' एवढं उत्तर मिळालं तर सोडू नका. जुन्या मनोऱ्यावर नवे अँटेना बसवणं नवा मनोरा उभारण्यापेक्षा बरं, असं अनेक गावांच्या टॉवरविषयीच्या वटहुकुमातच (ऑर्डिनन्स, म्हणजे गावाच्या स्थानिक कायद्यात) लिहिलेलं असतं. तुमच्या गावाचा वटहुकूम वेबसाइटवर असेल. पसंतीच्या जागांची उतरंड दिली असेल तर छापून घेऊन जा आणि चर्चची जागा त्यात कितव्या पायरीवर येते ते विचारा.

एक सल्ला मात्र फुकट आणि मोलाचा आहे. तुमच्याकडून किंवा मला विचाराल तर शेजाऱ्यांपैकी सगळ्यांत शांत माणसाकडून बोर्डाला अशी विनंती करवा, की त्यांनी स्वतःचा स्वतंत्र रेडिओ इंजिनिअर नेमावा. राज्याच्या जमीनवापर कायद्यानुसार बोर्डाच्या तज्ज्ञांचा खर्च अर्जदाराने भरलेल्या एस्क्रोमधून (आगाऊ ठेवलेल्या रकमेतून) वळता होतो. तुमचा एक डॉलरही जात नाही, आणि कंपनीच्या नकाशांना प्रश्न विचारणारा माणूस बोर्डाच्याच बाजूला बसलेला असतो.

उंचीकडे या. १३० फूटच का, ११० का नाही? कंपनीचा इंजिनिअर म्हणेल, वर आणखी दोन-तीन कंपन्यांना जागा ठेवायची आहे. ते योग्यही असू शकतं, कारण एकाच टॉवरवर सगळे मावले तर दुसरा उभा राहत नाही. पण मग कमी उंचीचा कव्हरेज नकाशा बघायला मागा. आणि इथे एक गोष्ट आहे जी बहुतेक शेजाऱ्यांना टॉवर उभा राहिल्यावर कळते. २०१२ च्या फेडरल कायद्यानुसार उभ्या असलेल्या टॉवरमध्ये 'मोठा बदल' होत नसेल, तर गावाला ती परवानगी द्यावीच लागते, तीही ६० दिवसांत. खाजगी जमिनीवरच्या टॉवरच्या बाबतीत उंची १० टक्के वाढवणं, किंवा आधीच्या अँटेनांपासून २० फुटांपर्यंत अंतर सोडून वर आणखी एक अँटेनांचा संच बसवणं, यातलं जे जास्त ते मोठा बदल मानलं जात नाही. १३० फुटांचा टॉवर म्हणजे पुढेमागे १५० च्या वर जाऊ शकणारा टॉवर. बोर्डाने आज १३० मान्य करताना हे डोळ्यांसमोर ठेवावं, असं हिअरिंगमध्ये मोठ्याने म्हणा.

यावर थोडं बंधन घालता येतं. झाडाचं रूप, ठरावीक रंग किंवा झाकलेले अँटेना अशी लपवणुकीची अट मूळ परवानगीतच लिहिली असेल, तर पुढचा बदल त्या लपवणुकीला मारक ठरता कामा नये. पण ती अट ठरावात शब्दशः असली पाहिजे. नंतर 'आम्हाला तसंच अभिप्रेत होतं' म्हणून भागत नाही. पाइनच्या झाडासारखा टॉवर मागायचा का, हा वेगळा प्रश्न. आजूबाजूला खरी उंच पाइनची झाडं असतील तर तो बऱ्यापैकी मिसळतो. चर्चच्या पार्किंग लॉटवर एकटा उभा असेल तर तो लांबून ओळखू येतो आणि साध्या करड्या खांबापेक्षा जाडही दिसतो. खोटं झाड मागण्याआधी अशी एकदोन प्रत्यक्ष जाऊन बघा.

दिसण्याचा मुद्दा कायद्याला मान्य आहे, पण 'तो कुरूप दिसेल' हे वाक्य पुरावा होत नाही. बलून टेस्ट मागा. टॉवरच्या उंचीवर मोठा फुगा सोडतात आणि चारी बाजूंनी फोटो काढतात. तारीख आधी जाहीर व्हावी असं बघा, आणि त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, गच्चीतून, मागच्या अंगणातून तुमचे स्वतःचे फोटो काढा. कंपनीच्या फोटोंमध्ये झाडं हिरवीगार असतील, तर पानगळीनंतर काय दिसेल हे विचारा, कारण न्यू जर्सीत वर्षातले पाच-सहा महिने फांद्या रिकाम्या असतात.

९५ फुटांवर १३० फुटी खांब हा तुमचा सर्वांत सरळ मुद्दा आहे, आणि तुम्ही पत्रात तो एका वाक्यात उरकलात याचं मला नवल वाटलं. बऱ्याच गावांत टॉवर शेजारच्या हद्दीपासून निदान स्वतःच्या उंचीइतका दूर असावा असा नियम असतो. तुमच्या गावात असेल तर कंपनी त्यातूनही सूट मागतेय का, हे नोटिशीत आणि अर्जात बघा. कंपनीचा इंजिनिअर सांगेल की मोनोपोल टीआयए-२२२ या टॉवर-बांधणीच्या मानकानुसार बांधतात आणि तो सहसा मुळापासून कोसळत नाही. काही तर ठरावीक ठिकाणी दुमडतील अशा बेताने बनवतात. बरोबर आहे. मग त्याला विचारा, दुमडण्याची जागा किती फुटांवर आहे, वरचा तुकडा किती लांबीचा, आणि हे सही-शिक्क्यानिशी लिहून द्याल का? हिवाळ्यात वर साठलेला बर्फ खाली पडतो त्याचं काय, हेही विचारा. आणि मग मुख्य मागणी: चर्चची जागा मोठी आहे, तर टॉवर दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला सरकवा. माझ्या अंदाजाने तुम्हाला मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता याच गोष्टीची आहे. चर्चच्या पाद्रींना हिअरिंगच्या आधी जाऊन भेटा. ते जमीनमालक आहेत, त्यांच्याशी बोलायला कुठलीही आडकाठी नाही, आणि त्यांना रविवारी शेजाऱ्यांची तोंडं बघायची असतात.

आवाजाचा विचार कोणीच करत नाही. टॉवरच्या पायथ्याशी यंत्रांची कपाटं, त्यांचे पंखे आणि बहुधा एक जनरेटर असतो, आणि तो जनरेटर ठरावीक दिवसांनी तपासणीसाठी चालवतात. राज्याच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक यंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर दिवसा ६५ आणि रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत ५० डेसिबलच्या वर जाता कामा नये. तपासणी कामाच्या दिवशी भर दुपारीच व्हावी, ही अट बोर्ड सहज घालतं. भिंत, सदाहरित झाडांची रांग, आणि टॉवर वापरात राहिला नाही तर तो काढण्यासाठी कंपनीने आधीच ठेवलेली बँक हमी, या मागण्याही मागून ठेवा.

घराच्या किमतीबद्दल तुमची भीती मला समजते, पण फेअर लॉनच्या निकालातच म्हटलंय की किंमत घसरेल असं नुसतं म्हणणं क्वचितच पुरतं, त्याला तज्ज्ञाची साक्ष लागते. म्हणून तुमच्या ग्रुपने वर्गणी काढायचं ठरवलं, तर ती एका चांगल्या प्लॅनरवर (नगररचनेच्या तज्ज्ञावर) किंवा घरांचं मूल्यांकन करणाऱ्या परवानाधारक माणसावर खर्च करा. वकील नकोच असं नाही, पण पैसे एकाच माणसापुरते असतील तर ज्याचं बोलणं पुराव्यात मोजलं जातं तो निवडा. एखादा ब्रोकर येऊन 'गिऱ्हाईकं घाबरतात' म्हणाला, तर त्याने काही होत नाही.

सह्यांचं राहिलंच. सही करणाऱ्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून बोर्ड सहसा असा कागद पुराव्यात धरत नाही. माणसं येऊ द्या, कागद नको. हिअरिंगमध्ये कंपनीचे साक्षीदार एकामागून एक येतात: सिव्हिल इंजिनिअर, रेडिओ इंजिनिअर, प्लॅनर. प्रत्येकाची साक्ष झाली की लोकांना त्याला प्रश्न विचारायची संधी मिळते, आणि कायद्याने हा तुमचा हक्क आहे, वकील नसला तरी. त्या वेळी भाषण सुरू केलंत तर अध्यक्ष थांबवतील, मग चिडू नका. प्रश्न प्रश्नासारखाच विचारा. तुमचं मत मांडायची वेळ शेवटी येते, शपथेवर. दहा जणांनी तेच तेच बोलण्यापेक्षा विषय वाटून घ्या. एकाने उंची, एकाने पर्यायी जागा, एकाने फक्त जनरेटर. शेजारच्या वस्तीची असोसिएशन कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर तिच्या नावाने बोलायला वकील लागतो, त्यामुळे प्रत्येकाने स्वतःच्या नावाने बोलावं.

हिअरिंग एका रात्रीत संपत नाही. ती पुढच्या महिन्यात ढकलतात, आणि पुढची तारीख त्याच सभेत जाहीर केली की पुन्हा नोटीस पाठवावी लागत नाही. पहिल्या रात्री सभागृह भरलेलं आणि तिसऱ्या रात्री रिकामं, हे नेहमीचं दृश्य आहे. मतदान बहुतेक वेळा त्या रिकाम्या रात्री होतं. आळीपाळीने हजर राहायची यादी आत्ताच करा. बोर्डावरही घड्याळ चालू असतं. पूर्ण अर्ज आल्यापासून राज्याच्या कायद्याने १२० दिवस, आणि नव्या टॉवरसाठी एफसीसीने वाजवी मानलेली मुदत १५० दिवस. कंपनी सहसा मुदत वाढवून देते, पण तिने नाही म्हटलं तर बोर्ड घाईत असेल हे गृहीत धरा.

क्रिकेटच्या मित्राबद्दल: नाही. मैदानावरही नाही, चहावरही नाही. झोनिंग बोर्ड हे न्यायाधीशासारखं काम करतं. ऐकलेलं सगळं नोंदीत यावं लागतं. तुमच्या नवऱ्याने त्यांच्या कानावर घातलं आणि ते बाहेर आलं, तर त्यांना त्या अर्जातून बाजूला व्हावं लागू शकतं. पाच होकारांच्या हिशोबात कदाचित तुमच्या बाजूने पडणारं एक मत तुम्ही स्वतःच घालवाल, किंवा निकाल कोर्टात उलटायला कंपनीला निमित्त द्याल.

आणि रेंज नसल्याबद्दल तुम्ही कंसात जे लिहिलंत, ते शपथेवर विचारलं तर खरं सांगा. कंपनीचा वकील विचारेलच. 'आमच्याकडे रेंज नाही, टॉवरला माझा विरोध नाही, या जागेला आणि या उंचीला आहे' असं म्हणणारी शेजारीण बोर्डाला ऐकावीशी वाटते. तुमच्या नवऱ्याचं म्हणणंही त्यात येतं, त्यामुळे घरातलं भांडण मिटायलाही बरं.

टॉवर पूर्णपणे थांबेल का? मला वाटतं, याच जागेसाठी थांबायची शक्यता कमी, पण शून्य नाही. सरकेल, बुटका होईल, झाकला जाईल, याची शक्यता बरीच आहे. परवानगी मिळालीच आणि ती चुकीची वाटली, तर निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत राज्याच्या सुपीरिअर कोर्टात जाता येतं. तिथे नवा पुरावा सहसा चालत नाही, हिअरिंगमध्ये जे नोंदलं गेलं तेच तपासतात. तेव्हा फोटो, नकाशे, प्रश्न, जे काही असेल ते आत्ताच नोंदीत घालून ठेवा. आणि हे उत्तर घेऊन कोर्टात जाऊ नका, त्यासाठी न्यू जर्सीतला जमीनवापराचा वकील गाठा.

ता. क. चं उत्तर सोपं आहे. डिशचा व्यास १ मीटर किंवा त्याहून कमी असेल आणि पॅटिओ फक्त तुमच्या नणंदेच्या वापरातला असेल, तर एफसीसीच्या १९९६ च्या नियमानुसार असोसिएशनला ती सरसकट बंद करता येत नाही. सुरक्षेसाठी वाजवी अट घालता येते, किंवा सिग्नल न बिघडवता, खर्च फारसा न वाढवता आणि उशीर न लावता दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा म्हणता येतं. सामाईक छपरावर किंवा बाहेरच्या सामाईक भिंतीवर लावली असेल तर मात्र हा नियम तिच्या मदतीला येत नाही. डिश पॅटिओत, स्टँडवर आहे ना, एवढं आधी बघायला सांगा. असेल तर असोसिएशनला या नियमाचा हवाला देऊन लेखी उत्तर पाठवावं, आणि तोवर डिश काढू नये.